कायदा, न्याय आणि हिंसा : देरिदाच्या एका व्याख्यानावर चर्चा

उंबरठा

फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाचं ‘फोर्स ऑफ लॉ’ हे व्याख्यान पुन्हा सावकाश वाचलं. त्यावर इथल्या वाचकांशी सविस्तर बोलावं असं वाटलं, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी आधी थोडक्यात. ऑक्टोबर १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये विरचना, म्हणजे डीकन्स्ट्रक्शन (मजकुराची किंवा कल्पनेची घडण उलगडून तिच्यातले ताण दाखवणारी वाचनाची रीत), आणि न्यायाची शक्यता या विषयावर परिषद झाली. विरचना हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे, नीती आणि राजकारण यांच्याशी तिला काही देणंघेणं नाही, हा आक्षेप तोवर बराच जुना झाला होता. देरिदाने तिथे जे उत्तर दिलं त्याने बरेच जण चक्रावले. कायद्याची विरचना करता येते, न्यायाची करता येत नाही, आणि विरचना म्हणजेच न्याय, असं तो म्हणाला.

कायद्याची विरचना करता येते, कारण कायदा माणसांनी घडवलेला असतो. त्याला इतिहास असतो, थर असतात, आणि कधीतरी कुणीतरी तो बळाने उभा केलेला असतो. इथे देरिदा माँतेन्य आणि पास्काल या जुन्या फ्रेंच विचारवंतांकडे जातो. माँतेन्यने सोळाव्या शतकात लिहिलं होतं, की कायद्यांचा मान टिकतो तो ते न्याय्य असतात म्हणून टिकत नाही, ते कायदे असतात म्हणून टिकतो. त्यांच्या अधिकाराचा पाया गूढ आहे आणि दुसरा पाया त्यांना नाही. पुढच्या शतकात पास्कालने हाच धागा पुढे नेला. बळाविना न्याय लुळा आणि न्यायाविना बळ जुलमी. जे न्याय्य आहे ते बलवान करता येईना, तेव्हा माणसांनी जे बलवान आहे त्यालाच न्याय्य ठरवून टाकलं.

‘गूढ पाया’ म्हणजे काय हे समजायला १७७६ सालचा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा घेऊ. देरिदा त्यावर १९७६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात बोलला होता. जाहीरनाम्यावर सह्या करणारे प्रतिनिधी कुणाच्या वतीने सही करतात? स्वतंत्र जनतेच्या. पण ती स्वतंत्र जनता सही होईपर्यंत अस्तित्वातच नाही. सही झाल्यावर ती जन्मते आणि मग मागे वळून सही करणाऱ्यांना अधिकार बहाल करते. जुन्या ब्रिटिश कायद्याने पाहिलं तर तो राजद्रोह. नव्या कायद्याने पाहिलं तर तोच मूळ आधार. प्रत्यक्ष त्या क्षणी मात्र त्याला कायदेशीरही म्हणता येत नाही आणि बेकायदेशीरही म्हणता येत नाही. तिथे असते ती एक कृती आणि तिच्या पाठीशी उभं असलेलं बळ.

हे वाचून अनेकांना वाटतं, की सगळाच कायदा थोतांड आहे असं सांगायचंय. देरिदा नेमकं उलट म्हणतो. कायदा घडवलेला आहे ही वाईट बातमी नाही. घडवलेला आहे म्हणूनच तो सुधारता येतो. तो निसर्गातून किंवा आकाशातून आला असता तर त्याच्यापुढे फक्त मान तुकवता आली असती.

आता मला जे खरं मांडायचंय ते. पायाच्या हिंसेवर आपण खूप बोलतो, कारण क्रांत्या आणि युद्धं डोळ्यांत भरतात. माझ्या मते व्याख्यानाचा जास्त जळजळीत भाग पुढे आहे. देरिदा न्यायाच्या तीन कोंड्या सांगतो, त्यातली पहिली अशी : निर्णय न्याय्य व्हायचा तर तो नियमाला धरून असला पाहिजे, नाहीतर ती मनमानी झाली. पण नियम नुसता लावला तर निर्णय झालाच नाही, ते गणित झालं. प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येक प्रकरण वेगळं. म्हणून न्यायाधीशाने नियम पाळायचा, आणि पाळताना जणू तो आपण पहिल्यांदाच करतो आहोत अशा जबाबदारीने तो पुन्हा स्वीकारायचा.

ही जबाबदारी टाळली की काय होतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांचं आहे. १८३६ मध्ये त्यांनीच निकाल दिला होता, की मालकाने गुलामाला आपल्या राज्यात आणलं तर त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला परत नेता येणार नाही. पुढे १८५० चा पळपुट्या गुलामांविषयीचा केंद्रीय कायदा आला. एप्रिल १८५१ मध्ये थॉमस सिम्स नावाचा जॉर्जियातून पळून आलेला तरुण बॉस्टनमध्ये पकडला गेला. लोक त्याला सोडवतील या भीतीने न्यायालयाच्या इमारतीभोवती साखळदंड लावले होते, आणि शॉ यांना त्या साखळीखालून वाकून आत जावं लागलं. त्यांनी सिम्सची हेबियस कॉर्पसची, म्हणजे अटकेची वैधता तपासून सुटका करण्याची, मागणी फेटाळली. सिम्सला जॉर्जियात परत नेऊन जाहीर फटके मारण्यात आले. गुलामगिरीबद्दल शॉ यांना तिटकारा होता. तरी उत्तर एकच होतं : संविधान असं सांगतं, कायदा असं सांगतो, माझे हात बांधलेले आहेत.

रॉबर्ट कव्हर या कायद्याच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये अशा गुलामगिरीविरोधी न्यायाधीशांवर ‘जस्टिस अक्यूज्ड’ हे पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते असं, की मनातला संघर्ष जितका तीव्र, तितकी हे न्यायाधीश निकालात नियमाच्या यांत्रिकतेची ढाल पुढे करतात. माझं म्हणणं इतकंच आहे, की कायद्यातली हिंसा सर्वांत निर्धास्त होते ती इथे, जेव्हा निर्णय देणारा म्हणतो की निर्णय मी दिलेलाच नाही.

पानगळ

फार सुंदर मांडणी. एक प्रश्न बऱ्याच दिवसांपासून छळतो आहे. प्रत्येक कायद्याचा जन्म बळातून झाला असेल, तर चर्चा करून स्वीकारलेलं संविधान आणि हुकूमशहाचा फतवा यांत फरक कशाच्या आधारावर करायचा? दोन्हींच्या मुळाशी हिंसा आहे असं म्हटलं की हुकूमशहाच खूश होणार.

फौजदारी वकील

@उंबरठा, मी कोर्टात उभा राहणारा माणूस आहे, त्यामुळे तुमच्या लेखाच्या शेवटाला माझा ठाम विरोध नोंदवतो.

‘नुसता नियम लावला तर न्याय होत नाही’ हे ऐकायला छान वाटतं. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडून पाहा. त्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही. त्याचं एकमेव संरक्षण हे, की समोरच्या न्यायाधीशाला नियमाबाहेर जाता येत नाही. कुठल्या कृत्याला काय शिक्षा हे आधी लिहिलेलं असणं हीच त्याची ताकद. न्यायाधीशाने प्रत्येक वेळी नियम ‘नव्याने’ करायचं ठरवलं तर पहिला बळी याच माणसाचा जाणार.

हे मी कल्पनेने बोलत नाही. जर्मनीत जून १९३५ मध्ये दंडसंहितेचं कलम २ बदललं गेलं. एखादं कृत्य कुठल्याच कलमात थेट बसत नसलं, तरी एखाद्या कलमाचं मूळ तत्त्व आणि ‘जनतेची निकोप भावना’ यांनुसार ते शिक्षेला पात्र असेल तर शिक्षा करावी, अशी मुभा न्यायाधीशांना मिळाली. न्यायाधीशाचे हात मोकळे केले की काय होतं ते जगाने पाहिलं. मला बांधलेले हात चालतील.

पानगळ यांच्या प्रश्नाचं माझं उत्तरही यातच आहे. फरक पायात शोधू नका, रोजच्या कामकाजात शोधा. कायदा आधी जाहीर होतो का, सर्वांना सारखा लागतो का, त्याविरुद्ध दाद मागता येते का. पाया कुणाचा किती रक्ताळलेला होता यावरून माझ्या अशिलाला जामीन मिळत नाही.

उंबरठा

@फौजदारी वकील, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. १९३५ चं उदाहरण अगदी मर्मावर बोट ठेवणारं आहे, आणि म्हणूनच मी तेच पुढे नेतो.

त्या कलमाखाली निकाल देणारा न्यायाधीश काय म्हणत होता? ‘मी ठरवत नाही, जनतेची निकोप भावना ठरवते.’ शॉ म्हणाले संविधान ठरवतं. एकाने लिखित नियम पुढे केला, दुसऱ्याने न लिहिलेली भावना. दोघांनीही स्वतःला त्या खोलीतून बाहेर काढलं. देरिदाची कोंडी या दोघांनाही लागू होते, आणि तिचा पहिला अर्धा भाग तुमच्याच बाजूचा आहे : नियमाला न जुमानणारा न्यायाधीश न्याय्य नसतो. मोकळे हात विरुद्ध बांधलेले हात ही निवड माझ्या दृष्टीने गौण आहे. ते हात आपले आहेत हे कबूल करणं महत्त्वाचं.

कव्हरने मृत्यूच्या वर्षी, १९८६ मध्ये, ‘व्हायोलन्स अँड द वर्ड’ हा लेख लिहिला. कायद्याचा अर्थ लावण्याचं काम वेदना आणि मृत्यूच्या क्षेत्रात चालतं, असं त्याचं पहिलंच वाक्य आहे. साहित्याचा समीक्षक कवितेचा अर्थ लावतो तेव्हा कुणी तुरुंगात जात नाही. न्यायाधीशाने अर्थ लावला की कुणाचं स्वातंत्र्य जातं, मालमत्ता जाते, मुलं दुरावतात, कधी जीव जातो. शिक्षा झालेला माणूस बहुधा शांतपणे चालत कोठडीकडे जातो. त्याला निकाल पटलेला असतो म्हणून नव्हे. न गेल्यास ओढून नेतील हे त्याला ठाऊक असतं म्हणून. ती शांतता पाहून आपल्याला वाटतं, की इथे फक्त युक्तिवाद चालू होता.

दुसऱ्या दोन कोंड्या मी लेखात टाळल्या, त्या इथे एका दमात सांगतो. निर्णय झाला तरी त्यातली अनिश्चितता संपत नाही, ती भुतासारखी निर्णयातच वावरत राहते. म्हणून ‘हा निर्णय पूर्ण न्याय्य होता’ असं वर्तमानकाळात कुणालाच म्हणता येत नाही. आणि न्याय थांबू शकत नाही, सगळी माहिती हाती येईपर्यंत वाट पाहत बसता येत नाही. तुम्हाला हे मी सांगायला नको, तारखांचा अर्थ तुम्ही जास्त जाणता.

नीलमोहर

वाचते आहे. इतका वेळ कुणी बेन्यामिनला आणलं नाही म्हणून मी आणते, कारण त्याच्याशिवाय देरिदाच्या व्याख्यानाचा निम्मा भाग कळत नाही.

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिनचा हिंसेच्या मीमांसेचा निबंध १९२१ चा. मार्च १९२० मध्ये बर्लिनमध्ये काप हा उजव्या गटाचा पुढारी आणि त्याच्या सैनिकांनी सत्ता बळकावली आणि सार्वत्रिक संपाने त्यांना काही दिवसांत खाली खेचलं; त्याच्या मागोमाग हा निबंध आला. तो दोन प्रकारची हिंसा वेगळी काढतो : कायदा स्थापणारी आणि कायदा टिकवणारी. संपाचं उदाहरण मला नेहमी थक्क करतं. राज्य कामगारांना संपाचा हक्क देतं. पण सगळ्यांनी एकाच वेळी तोच हक्क बजावला, की राज्य म्हणतं हा हक्काचा गैरवापर आहे. का? कारण या हक्कातून नवा कायदा स्थापला जाऊ शकतो हे राज्याला कळतं. राज्य हिंसेला भिते ते तिने मोडतोड होते म्हणून कमी, ती पाया घालू शकते म्हणून जास्त. मोठ्या गुन्हेगाराबद्दल लोकांना जे छुपं आकर्षण वाटतं, तेही बेन्यामिन याच कारणाने समजावतो.

आणि पोलीस! हा भाग प्रत्येकाने वाचावा. पोलीस हे कायदा टिकवण्यासाठी असतात अशी आपली समजूत. बेन्यामिन दाखवतो, की जिथे कायदेशीर परिस्थिती स्पष्ट नसते तिथे पोलीस ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ हस्तक्षेप करतात, आणि तसं करताना ते हुकूम काढतात, म्हणजे तिथल्या तिथे कायदा स्थापतात. दोन्ही हिंसा एका गणवेशात मिसळतात. पोलिसांची सत्ता त्याला भुतासारखी वाटते, कुठेच हाती न लागणारी आणि सगळीकडे हजर. लोकशाहीत तर ती जास्त सडलेली, असं तो म्हणतो, कारण राजेशाहीत निदान सर्व सत्ता एकाच ठिकाणी असल्याचा दावा तरी असतो. लोकशाहीत त्या सत्तेला झाकणारं तसलं काही नसतं.

@फौजदारी वकील, तुम्ही म्हणता फरक रोजच्या कामकाजात शोधा. मी सहमत आहे, पण रोजचं कामकाज म्हणजे फक्त न्यायालय नव्हे. बहुतेक माणसांची कायद्याशी गाठ न्यायाधीशासमोर पडतच नाही. ती रस्त्यात, चौकीत किंवा सीमेवरच्या खिडकीशी पडते. तिथे निकालपत्र नसतं, अपील नसतं.

फौजदारी वकील

@नीलमोहर, यावर तुमच्याशी वाद नाही. म्हणूनच अटक केलेल्याला ठरावीक वेळेत न्यायाधीशापुढे उभं करण्याचा नियम मला कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा प्रिय आहे.

धूमकेतू

बेन्यामिनचं नाव निघालंच आहे तर त्याचा धोकादायक भागही समोर ठेवू. निबंधाच्या शेवटी तो मिथकीय हिंसा आणि दैवी हिंसा असा भेद करतो. मिथकीय हिंसा म्हणजे ग्रीक पुराणातली निओबीची कथा : तिच्या गर्वाची शिक्षा म्हणून अपोलो आणि आर्टेमिस तिच्या मुलांना मारतात, आणि ती दगड होऊन माणूस आणि देव यांच्यातली सीमा दाखवत उभी राहते. ही हिंसा रक्त सांडते आणि सीमा आखते, म्हणजे कायदा घालते. याउलट दैवी हिंसा म्हणजे बायबलमधली कोरहची गोष्ट. बंडखोरांना धरणी इशारा न देता गिळते, रक्त सांडत नाही. ही हिंसा कायदा घालत नाही, कायदाच मोडीत काढते. बेन्यामिनचा ओढा तिच्याकडे आहे.

देरिदाने व्याख्यानाचा बेन्यामिनवरचा दुसरा भाग एप्रिल १९९० मध्ये लॉस एंजेलिसला वाचला. तिथली परिषद नाझीवाद आणि ‘अंतिम उपाय’, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, यांवर होती. शेवटी जोडलेल्या मजकुरात तो आपली भीती उघडपणे सांगतो : रक्त न सांडता समूळ संपवणारी हिंसा ही कल्पना गॅसच्या कोठड्यांनंतर वाचली की थरकाप होतो. एखाद्याने त्या कोठड्यांनाच दैवी हिंसा म्हणून वाचलं तर? बेन्यामिन स्वतः ज्यू. १९४० मध्ये नाझींपासून पळताना स्पेनच्या सीमेवरच्या पोर्टबूमध्ये त्याने जीव दिला. त्याच्याबद्दल अपार आदर असूनही देरिदा या ठिकाणी त्याच्यासोबत जात नाही, आणि मला तो बरोबर वाटतो. कायद्याच्या पलीकडे जाऊन शुद्ध न्याय एकदाच, एका फटक्यात आणण्याचं स्वप्न हे कायद्याच्या हिंसेपेक्षा भयंकर असू शकतं. कायदा न्यायाला अपुरा पडतो म्हणून कायदा टाकून देणाऱ्यांच्या हाती शेवटी फक्त हिंसाच उरते.

देरिदाचं बालपण इथे आठवतं. अल्जीरियातल्या ज्यूंना १८७० मध्ये मिळालेलं फ्रेंच नागरिकत्व नाझींशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये काढून घेतलं, आणि १९४२ मध्ये ज्यू म्हणून त्याला शाळेतून काढण्यात आलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. सगळं कायदेशीर, नियमाप्रमाणे. कायदा काय करू शकतो हे त्याला ग्रंथांतून कळलेलं नव्हतं. तरीही कायदा नकोच अशा टोकाला तो कधी गेला नाही.

पानगळ

माझ्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू मिळत आहे असं वाटतं, पण एक उदाहरण मला सुटत नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. राजकीय हेतूने केलेल्या अत्याचारांची संपूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मिळणार होती, आणि माफी मिळाली की त्याच्यावर ना फौजदारी खटला, ना भरपाईचा दावा. वर्णभेदाविरुद्ध लढणारा नेता स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलीस कोठडीत मारला गेला. त्याचं कुटुंब आणि इतर काही जण संविधान न्यायालयात गेले : न्यायालयात दाद मागण्याचा आमचा हक्क तुम्ही कसा काढून घेता? १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. माफी वैध ठरली.

आता सांगा, हा न्याय झाला का? माफी नसती तर कदाचित सत्तांतरच रक्तपाताशिवाय झालं नसतं. पण ती किंमत ज्यांची माणसं मेली त्यांनी मोजायची, आणि सौदा इतरांनी करायचा. मला यात नव्या कायद्याच्या पायाची हिंसा दिसते. गोळी न झाडता केलेली, पण हिंसाच.

उंबरठा

@पानगळ, याहून अचूक उदाहरण मला सुचलं नसतं. हो, ती हिंसाच आहे आणि तिला दुसरं गोड नाव देऊ नये.

पण ते निकालपत्र काढून वाचा. न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांनी लिहिलेलं आहे. गुन्हेगार माफीच्या संरक्षणात मोकळे फिरणार या परिणामासोबत जगताना प्रत्येक सभ्य माणसाला तीव्र अस्वस्थता वाटलीच पाहिजे, असं ते त्यातच म्हणतात आणि मग माफी का टिकवतो ते सांगतात. शॉ यांच्या निकालाशेजारी हे ठेवून पाहा. दोन्ही निकाल दाद मागणाऱ्याच्या विरुद्ध गेले. पण एकात निर्णय देणारा गायब आहे, दुसऱ्यात तो समोर उभा आहे आणि या निर्णयाने कुणाचं काय हिरावलं हे त्या कुटुंबांना तोंडावर सांगतो आहे. या फरकावर मी बराच भरवसा ठेवतो.

फौजदारी वकील

@उंबरठा, बिको कुटुंबाला त्या अस्वस्थतेचा काय उपयोग? त्यांना दावा हवा होता, सहानुभूती नव्हे. अशिलाला मी ‘न्यायाधीशांना फार वाईट वाटलं’ असं सांगू शकत नाही. इथे तुमच्याशी मी सहमत होणार नाही. त्या कुटुंबाच्या बाजूने जे काही झालं ते पुढे नियमामुळे झालं : माफीची अट पूर्ण कबुली होती, बिकोच्या मृत्यूतल्या पोलिसांनी ती दिली नाही, आणि १९९९ मध्ये आयोगाने त्यांना माफी नाकारली. लिखित अट होती म्हणून नाकारता आली.

मात्र एका गोष्टीत तुमचं म्हणणं मला पटायला लागलं आहे, आणि त्याला कारण त्याच न्यायालयाचा आणखी एक निकाल. जून १९९५, माक्वान्याने खटला. अंतरिम संविधान फाशीबद्दल गप्प होतं, प्रश्न न्यायालयावर सोडलेला होता. अध्यक्ष चास्कलसन यांनी लिहिलं, की बहुसंख्य लोक फाशीच्या बाजूने असतील हे गृहीत धरलं तरी लोकमत न्यायालयाच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. १९३५ च्या जर्मन कलमाच्या अगदी समोरासमोर उभं राहणारं हे वाक्य आहे. फाशी रद्द झाली, एकमताने. एकमत असताना एकच निकालपत्र पुरलं असतं, बाकीच्यांनी खाली सह्या केल्या असत्या तरी चाललं असतं. पण अकराच्या अकरा न्यायाधीशांनी आपापली कारणं स्वतंत्रपणे लिहिली. राज्याला माणूस मारता येणार नाही हे का, ते प्रत्येकाने स्वतःच्या नावाने सांगितलं. मी ती अकराही वाचायला घेतली आहेत.